हॅग्लर, लेनर्ड आणि तीन परीक्षक

मुष्टियुद्धासारखा विषय या पृष्ठांवर पाहून आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आश्चर्य वाटेल, व कांहींना तो येथें अनुचितहि वाटेल. दोन माणसांनीं एकमेकांच्या तोंडावर ठोसे मारावे, हजारों लोकांनीं पैसे मोजून तें पाहावें, आणि वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकानें त्याची चर्चा करावी, हें कशासाठीं? आमचें उत्तर असें कीं, ठोशांविषयीं आम्हांस फारसें सांगावयाचें नाहीं. सांगावयाचें आहे तें निर्णयाविषयीं. ६ एप्रिल १९८७ या दिवशीं अमेरिकेंतील लास व्हेगस शहरीं मार्व्हिन हॅग्लर व शुगर रे लेनर्ड यांच्यांत मध्यम वजनगटाच्या जागतिक अजिंक्यपदासाठीं सामना झाला. त्याच्या निकालावरून शौकिनांमध्यें त्या रात्रीं जें भांडण सुरू झालें, तें तीन तपें उलटून गेलीं तरी मिटलें नाहीं. एखाद्या कवीच्या श्रेष्ठकनिष्ठतेवरून आपल्याकडे पंडितांत जे वाद होत आले आहेत, त्यांचाच चिवटपणा या भांडणांत आहे. फरक इतकाच कीं, कवितेला आंकड्यांनीं गुण देण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं.

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. हॅग्लर त्या वेळीं बत्तीस वर्षांचा होता. १९७६ च्या मार्च महिन्यानंतर तो एकहि लढत हरला नव्हता. १९८० सालीं लंडन येथें अ‍ॅलन मिंटर याला तिसऱ्याच फेरींत निष्प्रभ करून त्यानें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां चिडलेल्या प्रेक्षकांनीं रिंगणांत बाटल्या फेंकल्या आणि नव्या अजिंक्यवीराला पोलिसांच्या बंदोबस्तांत बाहेर न्यावें लागलें. त्यानंतर बारा आव्हानवीर आले व गेले. त्यांपैकीं थॉमस हर्न्स याच्याशीं १९८५ सालीं झालेली लढत जेमतेम तीन फेऱ्यांची. पण तिचें नांव काढतांच जुन्या शौकिनांचा आवाज आजहि चढतो. डोकें तुळतुळीत केलेला, अबोल, पाठीमागें कोणतेंहि वलय नसलेला असा हा मनुष्य होता. आपल्याला कोणी मान देत नाहीं, ही त्याची खंत इतकी खोल होती कीं, १९८२ सालीं त्यानें न्यायालयांतून ‘मार्व्हलस’ हें विशेषण आपल्या नांवांतच कायदेशीर रीतीनें घालून घेतलें.

लेनर्ड याच्या अगदीं उलट. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधील सुवर्णपदक, हंसरा चेहरा, पायांत नर्तकाची चपळाई आणि वृत्तपत्रांचें प्रेम, हें सारें त्याला तरुणपणींच लाभलें होतें. परंतु १९८२ सालीं त्याच्या डोळ्याचा पडदा सुटला, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानें निवृत्ति जाहीर केली. १९८२ च्या फेब्रुवारीपासून १९८७ च्या एप्रिलपर्यंत तो एकदांच लढला, तेंहि केव्हिन हॉवर्ड नांवाच्या सामान्य प्रतिस्पर्ध्याशीं. आणि त्या लढतींत तो एकदां खालीं पडला. असा मनुष्य, हॅग्लरच्या वजनगटांत पूर्वीं कधीं न लढलेला, त्याच्यापुढें उभा राहणार म्हणतांच पैज लावणारांचा कौल अर्थातच हॅग्लरकडे गेला. लेनर्डच्या डोळ्याची काळजी करणारे लोक तर हा सामना होऊंच नये असें म्हणत होते.

लेनर्ड मात्र सामन्याच्या पुष्कळ आधीं, कराराच्या मेजावर, निम्मी लढाई जिंकून आला होता. पैशाचा मोठा वाटा त्यानें हॅग्लरला दिला, व त्याच्या बदल्यांत तीन गोष्टी मागून घेतल्या: सामना पंधरा फेऱ्यांचा नव्हे, बारा फेऱ्यांचा, हातमोजे दहा औंसांचे, आणि रिंगण वीस फूट लांबरुंद. ज्याला पळावयाचें आहे त्याला जागा हवी. ज्याला ठोसे सोसावयाचे आहेत त्याला जाड मोजे हवेत. ज्याचा दम पांच वर्षांच्या विसाव्यानें कमी झाला आहे त्याला थोड्या फेऱ्या हव्यात. हॅग्लरच्या बाजूनें या तिन्ही अटी मान्य केल्या. “पंधरा फेऱ्या असत्या तर!” असा उसासा हॅग्लरचे भक्त आजहि टाकतात. त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, त्या तीन फेऱ्या कोणी चोरल्या नाहींत, त्या विकल्या गेल्या.

आतां गुण कसे देतात तें पाहूं, कारण भांडणाचें मूळ तेथेंच आहे. कुस्तींत पाठ जमिनीला लागली कीं निकाल लागला. मल्ल चीतपट झाला कीं नाहीं हें आखाड्याच्या टोंकाला बसलेल्या पोरालाहि दिसतें, अशी आपली समजूत असते. (ती समजूतहि पुरती खरी नाहीं. २०२५ सालीं अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागांतील लढतींत दोन्ही खांदे टेकले कीं नाहीं यावरूनच वाद पेटला, आणि पंचाशीं धक्काबुक्की होण्यापर्यंत मजल गेली.) मुष्टियुद्धांतहि एक मल्ल खालीं पडून दहा आंकडे होईपर्यंत उठला नाहीं, तर परीक्षकाची गरज नाहीं. परंतु दोघेहि शेवटपर्यंत उभेच राहिले म्हणजे काय करावें? जुन्या काळीं एकजण उभा राहूं शकेनासा होईपर्यंत लढत चाले, म्हणून हा प्रश्नच नव्हता. फेऱ्यांची संख्या ठरली आणि प्रश्न उभा राहिला. न्यूयॉर्क राज्यांत १९११ पासून १९१७ पर्यंत जो कायदा होता, त्यानें या प्रश्नाचें मोठें मौजेचें उत्तर काढलें: निर्णय देण्यासच मनाई! दोघे उभे राहिले तर विजयी कोणीच नाहीं. लोकांना तें थोडेंच पटणार? ते दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रें उघडीत आणि बातमीदार ज्याला विजयी म्हणेल त्याला विजयी मानीत. पैजांचे पैसेहि त्यावरच चुकते होत. म्हणजे निर्णय कायद्यानें बंद केला, तरी निर्णयाची भूक बंद झाली नाहीं. १९२० सालीं नवा कायदा आला व निर्णयाला पुन्हां मान्यता मिळाली.

१९८७ च्या सामन्यांत पद्धत होती ती आज सर्वत्र रूढ असलेलीच. रिंगणाच्या तीन बाजूंस तीन परीक्षक बसतात. प्रत्येक फेरी जिंकणाराला दहा गुण, हरणाराला सामान्यतः नऊ. फेरी संपली कीं कागद गोळा केला जातो. मागील फेरीचे गुण बदलतां येत नाहींत. पाहावयाचें काय, तर स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगणावरील प्रभुत्व आणि बचाव. या चार कसोट्यांपैकीं पहिली सोडली तर बाकीच्या तीन ज्यानें त्यानें आपापल्या डोळ्यांनीं पाहावयाच्या. आणि पहिलीहि वाटते तितकी सोपी नाहीं. कारण परीक्षकाच्या आणि ठोशाच्या मध्यें पुष्कळदां लढणाराची पाठच आडवी येते.

या पद्धतींतील खरी मेख निराळीच आहे. केसाच्या अंतरानें जिंकलेली फेरी आणि हाताच्या अंतरानें जिंकलेली फेरी, कोणी खालीं पडला नाहीं तर, कागदावर बहुधा सारखीच. एक माणूस पांच फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्याला पुरता हैराण करील, आणि दुसरा सात फेऱ्या जेमतेम जिंकील, तर दुसरा विजयी. प्रेक्षकाच्या मनावर सामन्याचा जो एकसंध ठसा उमटतो, तो या बेरजेंत कोठेंहि सांपडत नाहीं. लेनर्डनें ही गोष्ट जितकी ओळखली होती तितकी क्वचितच कोणी ओळखली असेल. प्रत्येक फेरीचीं अडीच मिनिटें तो सरकत राही, मिठी मारी, श्वास वाचवी. आणि शेवटचा अर्धा मिनिट उरला कीं ठोशांची एक झड लावी. परीक्षकाची पेन्सिल कागदाकडे वळते त्या क्षणीं त्याच्या डोळ्यांपुढें शेवटचें दृश्य काय असावें, याची ती योजना होती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं चटका देणारे कादंबरीकार आपल्या ओळखीचे आहेत. मधलीं पानें आठवतां आठवत नाहींत, पण प्रकरण “जोरदार” झाल्याची भावना राहते.

निकाल असा लागला. डेव्ह मोरेटी या परीक्षकानें लेनर्डला ११५ व हॅग्लरला ११३ गुण दिले. लू फिलिपो यानें नेमके उलट, हॅग्लरला ११५ व लेनर्डला ११३. तिसरा परीक्षक मेक्सिकोचा जोजो गेरा. त्यानें लेनर्डला ११८ व हॅग्लरला ११० गुण दिले. दोन विरुद्ध एक अशा मतांनीं लेनर्ड विजयी ठरला. शेवटची घंटा झाली तेव्हां हॅग्लर आनंदानें नाचत होता आणि लेनर्ड थकून खालीं कोसळत होता, हें दृश्य ज्यांनीं पाहिलें त्यांना तो निकाल पचविणें कठीण गेलें असल्यास नवल नाहीं.

आम्ही हा सामना चित्रफितीवरून दोनदां पाहिला. पहिल्या वेळीं सर्वसाधारण प्रेक्षकाप्रमाणें, आवाजासह. लेनर्डच्या प्रत्येक झडीबरोबर प्रेक्षागृह गर्जून उठे, निवेदकांचा आवाज वर चढे, आणि आमची पेन्सिल त्या आवाजाबरोबर वाहत जाई. अखेर बेरीज केली तों लेनर्डला आठ फेऱ्या व हॅग्लरला चार. कांहीं दिवसांनीं आवाज पूर्ण बंद करून आम्ही पुन्हां बसलों. मुका सामना हा निराळाच सामना होता! लेनर्डच्या झडींतील पुष्कळसे ठोसे हॅग्लरच्या कोपरांवर व मोज्यांवर जिरत होते. उलट हॅग्लरचे बरगड्यांवरचे ठोसे, जे पहिल्या वेळीं आम्हांस जवळजवळ दिसलेच नव्हते, ते आतां दिसूं लागले. या खेपेस नववी फेरी आम्हीं हॅग्लरला दिली, आणि बेरीज आली लेनर्ड सात, हॅग्लर पांच. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्यांचे उन्हाळे गेले आहेत, त्यांना सकाळच्या आणि सायंकाळच्या गुणांतील हें अंतर अपरिचित नसेल.

तेव्हां आमचें मत लेनर्डच्या बाजूचें आहे, परंतु तें एका बोटाच्या पेराइतकेंच. त्याचें मुख्य कारण पहिल्या दोन फेऱ्या. हॅग्लर जन्माचा डावखोरा. उजवा हात पुढें ठेवून लढावें आणि डाव्या हातानें घाव घालावा, ही त्याची रीत. त्या रात्रीं काय मनांत आलें कोणास ठाऊक, तो उजव्या लढवय्यासारखा उभा राहिला. पहिल्या दोन्ही फेऱ्या तिन्ही परीक्षकांनीं लेनर्डला दिल्या; शौकिनांतहि याबद्दल फारसा मतभेद नाहीं. तिसऱ्या फेरीपासून तो आपल्या मूळ पवित्र्यावर आला. पण तोंवर गणित बदललें होतें. उरलेल्या दहा फेऱ्यांपैकीं लेनर्डला पांच पुरे होत्या, हॅग्लरला सात हव्या होत्या. पांचव्या फेरीच्या अखेरीस हॅग्लरच्या उजव्या हाताच्या एका ठोशानें लेनर्डचे गुडघे वांकले. सातवी व आठवी हॅग्लरची. नवव्या फेरींत लेनर्ड कोपऱ्यांत सांपडला आणि तेथून ज्या आवेशानें लढत बाहेर आला, तीं तीन मिनिटें पाहण्यासाठीं सबंध सामना पाहावा. परंतु या सर्वांची बेरीज सात होत नाहीं.

हॅग्लरपक्षीयांचा आवडता मुद्दा असा कीं, सबंध रात्र पुढें कोण चालत होता? हॅग्लर. मागें कोण सरकत होता? लेनर्ड. तर मग भित्र्याला मुकुट कां? या मुद्द्यांत भावना आहे, न्याय नाहीं. कसोटी “परिणामकारक” आक्रमणाची आहे, नुसत्या आक्रमणाची नाहीं. मोजणारांनीं मोजलें तें असें: हॅग्लरनें ७९२ ठोसे मारले, त्यांपैकीं २९१ लागले, लेनर्डनें ६२९ मारले, त्यांपैकीं ३०६ लागले. म्हणजे हॅग्लरचे पांचशेंहून अधिक ठोसे हवेंत गेले. हे आंकडे ठोशाचें वजन सांगत नाहींत, आणि हॅग्लरचा ठोसा अधिक वजनदार होता हें आम्हांस मान्य आहे. तरी ज्याला आपण पळणें म्हणतों त्यालाच बचाव असेंहि नांव आहे. मात्र या बाजूचा एक आक्षेप आम्हांस खरोखर बोंचतो. लेनर्डनें मिठ्या फार मारल्या. रिंगणांतील पंच रिचर्ड स्टील यानें त्याला पुन्हां पुन्हां ताकीद दिली. पण गुण एकदांहि कापला नाहीं. तिसाव्या वेळीं दिलेली ताकीद ही ताकीद राहत नाहीं, ती परवानगी होते. एक गुण कापला असता, तर निकालच बदलला असता काय? मोरेटीच्या कागदावर ११४ व ११३ झाले असते. लेनर्डच जिंकला असता. पण लेनर्डनें मग मिठ्या कमी मारल्या असत्या, आणि त्याचा दम किती फेऱ्या पुरला असता, हें कोणत्याच कागदावरून काढतां येत नाहीं.

दुसरा मुद्दा, अजिंक्यवीराचा मुकुट काढून घ्यावयाचा तर त्याला स्पष्ट हरविलेंच पाहिजे, काठावरची फेरी त्यालाच मिळाली पाहिजे. हा नियम शौकिनांच्या बैठकींत इतक्या वेळां उच्चारला जातो कीं तो कोठें तरी लिहिलेला असावा असें वाटूं लागतें. तो कोठेंहि लिहिलेला नाहीं. सामना बरोबरींत सुटला तर पद जुन्या वीराकडे राहतें, एवढीच सवलत त्याला आहे, आणि ती पुरेशी आहे.

गेरा याच्या कागदाचें समर्थन मात्र आम्हांला करतां येत नाहीं. ११८ विरुद्ध ११० म्हणजे बारांपैकीं दहा फेऱ्या लेनर्डला. आवाजाच्या पुरांत वाहत जाऊनहि आम्ही आठांच्या पुढें गेलों नाहीं. आमच्या मतें हॅग्लरच्या चाहत्यांचा संताप पोसला तो या कागदानें. मोरेटीचें ११५–११३ एकटें असतें तर लोक कुरकुरले असते व गप्प बसले असते; पण शेजारीं ११८–११० दिसतांच त्यांना दरोड्याचा पुरावा मिळाल्यासारखें झालें. योग्य निकालाला अयोग्य कारण जोडलें गेलें म्हणजे निकालहि बाटतो. त्यांतहि दैवाचा खेळ पाहा: तिसऱ्या खुर्चीसाठीं प्रथम इंग्लंडच्या हॅरी गिब्ज याचें नांव होतें, हॅग्लरच्याच बाजूनें त्याला हरकत घेतली, म्हणून गेरा आला. गिब्जनें घरीं बसून सामना पाहिला, आणि त्याच्या हिशेबानें जिंकला होता हॅग्लर.

येथवर आम्ही जें म्हटलें, तें हॅग्लरच्या एखाद्या चाहत्यानें शांतपणें ऐकून घेतलें, तरी तो मान हलवील असा आमचा अनुभव आहे. आंकडे त्याला पटतात, तरी मन निवत नाहीं. कां? त्याचें कारण आमच्या मतें ६ एप्रिल १९८७ मध्यें नाहींच. तें ३० नोव्हेंबर १९७९ मध्यें आहे. त्या रात्रीं याच लास व्हेगसमध्यें, याच सीझर्स पॅलेसमध्यें, हॅग्लरला अजिंक्यपदाची पहिली संधि मिळाली. प्रतिस्पर्धी व्हीटो अँटुओफर्मो. पंधरा फेऱ्या झाल्या. हॅग्लर जिंकला असें बहुतेकांना वाटलें, त्याला स्वतःला तर वाटलेंच. एका परीक्षकानें हॅग्लरला कौल दिला, दुसऱ्यानें अँटुओफर्मोला, आणि तिसऱ्यानें गुण समसमान दिले. लढत बरोबरींत सुटली आणि मुकुट अँटुओफर्मोकडे राहिला. त्याच रात्रीं, त्याच रिंगणांत, दुसऱ्या वजनगटाचें अजिंक्यपद एका तरुणानें जिंकलें. तो तरुण शुगर रे लेनर्ड.

आतां १९८७ चे तीन कागद पुन्हां पाहा. मोरेटीनें सातांपैकीं एक फेरी, एकच फेरी, लेनर्डऐवजीं हॅग्लरला दिली असती, तर त्याचा कागद ११४–११४ झाला असता. मग एक मत लेनर्डला, एक हॅग्लरला, एक समसमान. अगदीं १९७९ सारखी बरोबरी, आणि या वेळीं तिचा लाभ अजिंक्यवीर या नात्यानें हॅग्लरला. सात वर्षांपूर्वीं ज्या नियमानें त्याच्या हातांतला घांस काढून घेतला, तोच नियम तो घांस परत देण्यापासून एका फेरीच्या अंतरावर येऊन थांबला. चाहता त्या रात्रीं बारा फेऱ्या पाहत नव्हता. तो त्या मनुष्याचें सारें आयुष्य पाहत होता, आणि जुनें देणें फिटावें अशी त्याची इच्छा होती. ती इच्छा वाईट नाहीं. तीं तीन मिनिटें व फक्त तीं तीन मिनिटें पाहण्यासाठीं नेमलेल्या माणसाजवळ ती मागणें मात्र चूक आहे. आणि तो ती पुरवीत नाहीं म्हणून त्याला लांचखाऊ म्हणणें ही त्याहून मोठी चूक. आम्ही साहित्यांतहि हेंच करतों. आयुष्यभर उपेक्षित राहिलेल्या लेखकाच्या सामान्य ग्रंथाला पारितोषिक नाकारलें कीं परीक्षक विकले गेले असें आम्ही म्हणतों, आणि पहिल्या उत्तम ग्रंथाच्या वेळीं आम्हीहि गप्पच होतों, हें विसरतों.

हॅग्लर पुन्हां कधींहि लढला नाहीं. त्याला लेनर्डशीं दुसरा सामना हवा होता. तो वेळेवर जुळला नाहीं, आणि १९८८ सालीं त्यानें निवृत्ति जाहीर केली. पुढें मोठी रक्कम घेऊन सामना त्याच्याकडे चालत आला, तेव्हां त्यानें नकार दिला. अमेरिका सोडून तो इटलींत जाऊन राहिला, तेथें चित्रपटांत कामें केलीं. सामना संपल्यावर रिंगणांतच लेनर्ड आपल्या कानांत “तूंच जिंकलास” असें म्हणाला, हें तो शेवटपर्यंत सांगत राहिला. लेनर्ड तें नाकारीत राहिला. १३ मार्च २०२१ रोजीं हॅग्लर वारला. त्या आठवड्यांत जगभरच्या शौकिनांनीं त्याला श्रद्धांजली वाहिली, ती वाहतां वाहतां ते पुन्हां त्या बारा फेऱ्यांवर आले, आणि पुन्हां भांडले. आमच्या कागदावर त्या सामन्याचें कोष्टक शाईनें लिहिलेलें आहे. नववी फेरी तेवढी पेन्सिलीनें.